तिसरी हाक

आमच्या चाळीत भूत दुपारी बाराच्या भोंग्याला येत असे. रात्री यायला त्याला जागाच नव्हती. रात्री अर्धी चाळ अंगणात बाजा टाकून निजलेली असे आणि उरलेली अर्धी गिरणीत पाळीवर असे. दुपारी मात्र पुरुष कामावर, रातपाळी करून आलेले झोपेत, बाया चुलीपाशी, आणि अंगणात कडुलिंबाच्या बुंध्याला चिकटलेल्या सावलीखेरीज दुसरे कोणी नसे. भाद्रपद सरताना सोलापुरात पुन्हा एकदा ऊन चढते. पावसाने भिजलेली जमीन वाफ टाकू लागते, पत्रे तडतडतात. पलीकडच्या ओळीत तेलुगू विणकरांची घरे होती. त्यांच्या मागांची खटखट भोंग्यासरशी थांबली की कानांत एक पोकळी उरे. त्या पोकळीत कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, हे आम्हाला बोलता येऊ लागण्याआधीच कळलेले होते. भूत दोनदाच हाक मारते. तिसरी हाक मारण्याची त्याला मुभा नाही. तेव्हा दोन जाऊ द्यायच्या आणि तिसरीला ओ द्यायची. हा नियम कोणी शिकवला नाही आणि कोणी मोडलाही नाही. पोस्टमनसुद्धा आमच्या अंगणात आला की सवयीने एकच नाव तीनदा ओरडत असे.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली माझे टेबल आहे. गेली तीस-बत्तीस वर्षे तिथे बसून मी लोकांचे अर्ज, कैफियती आणि प्रतिज्ञापत्रे लिहितो. शाळा नववीत सुटली हे मी लपवत नाही. परंतु चांगले शिकलेले वकील विनंतीचा परिच्छेद माझ्याकडून दुरुस्त करून नेतात, हेही लपवण्याचे कारण नाही. अर्जात घडलेली गोष्ट घडल्या क्रमाने मांडावी, मनाला काय वाटले ते मांडू नये, असे मी समोर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. साहेबाला त्याचा उपयोग नसतो. हे प्रकरणही त्याच शिस्तीने लिहीत आहे. त्या वेळी मला काय वाटले हे आठवून पाहिले. विशेष काही हाती लागत नाही.

आमचे घर म्हणजे एक खोली, मागे मोरी आणि पुढे अंगणात उतरणारा दगडी कट्टा. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गावी थोडी कोरडवाहू जमीन होती. ती चुलत्यांच्या हाती सोडून ते शहरात आले होते, पण गावच्या रीती त्यांनी सोडल्या नव्हत्या. पितरपाटातल्या जेवणाला आमच्याकडे म्हाळ म्हणत. आमचा म्हाळ सर्वपित्रीच्या अमावास्येला असे. आई पहाटेपासून चुलीपुढे बसे. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, कारले, तांबड्या भोपळ्याची भाजी, अळूच्या वड्या. आणि यातले काहीही पाने मांडून होईपर्यंत जिभेवर ठेवायचे नाही. तळणीचा वास पत्र्याखाली कोंडून राही आणि पोटात भूक मुरगाळे. मग आण्णा अंघोळ करून ओल्या धोतरानिशी कट्ट्यावर पाने मांडत. गेलेल्याला जे आवडे ते त्याच्या पानावर जास्तीचे ठेवायचे. आज्जाच्या पानावर तंबाखूची चिमूट, आजीच्या पानावर शेंगांची चटणी. पानांवरून धुपाचा निखारा फिरवून आण्णा म्हणत, "या, जेवा. आमचं काय चुकलं असंल तर पोटात घाला." आणि आत येऊन दार ओढून घेत. जेवणाऱ्या पितरांच्या तोंडाकडे बघू नये अशी आमच्या घरची रीत होती. कावळा शिवून पान विस्कटल्याचा आवाज येईपर्यंत घरात कोणी बोलायचे नाही. ज्या वर्षाबद्दल मी लिहीत आहे, त्या वर्षी कट्ट्यावर तिसरेही पान होते. त्यावर शेंगांची पोळी आणि हिरव्या बांगड्यांचा जोड ठेवला होता. ते माझ्या बहिणीचे.

शेवंता तिचे नाव. मी आक्का म्हणत असे. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला पहिली अक्षरे तिने कट्ट्यावर कोळशाने काढून शिकवली. आज माझ्या अक्षराची जी वाखाणणी होते तिचा उगम तिथे आहे. तिला माळशिरसकडच्या एका गावात दिली होती. दुष्काळाच्या वर्षी ती पहिल्यांदा परत आली. पाठीवर वळ होते. आईने हळद लावली. आण्णांनी तिसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून पोचती केली. दिवाळीनंतर ती पुन्हा आली. कट्ट्यावरच बसून राहिली, आत येईना.

"आण्णा, मला नका धाडू तिकडं. मी हितं बिड्या वळीन."

"लोक काय म्हणतील? दोनदा आली, दोनदा ठिवून घेतली?"

"लई मारत्यात ओ."

"न्हाय मारणार. मी बोलतो त्यास्नी."

तिला दुसऱ्यांदा पोचती करताना आण्णा खरोखरच बोलले असतील. ते शब्दाचे पक्के होते. पुढच्या पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरल्या आणि तिकडून माणूस निरोप घेऊन आला की तुमची पोर हिरीत पडली. काठावर घागर, दोर आणि एक चप्पल सापडली होती. तिला सहावा महिना चालू होता. आण्णा जाऊन आले. दोन दिवस गळ टाकून पाहिले, काही निघाले नाही. खाली कपारी आहेत, त्यांत अडकली असेल, असे त्यांना सांगण्यात आले. ते त्यांनी मान्य केले. घरी येऊन दहावा घातला. नेमकी कोणत्या दिवशी गेली हे ठाऊक नसल्याने तिचे पान सर्वपित्रीच्या वाट्याला आले.

पोटुशी बाई पाण्यात गेली म्हणजे तिचे काय होते, हे चाळीतल्या बाया अर्धे वाक्य बोलून सोडून देत. उरलेले अर्धे मी पुरे केले.

त्या काळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय होते. एका फळीवर भुतांच्या आणि खुनांच्या फाटक्या गोष्टी दिवसाच्या बोलीने मिळत. गणपतीत गल्लीत पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवत. त्यात मोठ्या बंगल्यातून मेणबत्ती घेऊन फिरणारी पांढऱ्या पातळातली बाई आम्ही पडद्याच्या उलट्या बाजूने बसून पाहिली होती. शिवाय मुंजा, खवीस, वेताळ ही घरची मंडळी होतीच. हे सर्व एकत्र करून, योग्य जागी थांबून, आवाज खाली आणून सांगण्याची हातोटी चाळीत एकट्या मला होती. पितरपाटाचे पंधरा दिवस शाळेतून आलो की पोरे लिंबाखाली माझ्याभोवती बसत. मला ते वकील म्हणत. ऐकणाऱ्याचे डोळे आपल्या तोंडावर खिळून राहिले की काय मिळते, हे मला तिथे समजले, आणि पुढे पोटापाण्याला तेच उपयोगी पडले. पण त्या वर्षी मुंजाने पोरे हलेनात. तेव्हा मी आक्काला काढले.

ती भर दुपारी येते, असे मी सांगितले. पाय उलटे, केस ओले. माहेरच्या दारात उभी राहून आईला हाक मारते, दोनदाच. आणि काखेत लेकरू असते. ते मी माझ्या हिशेबाने घातले होते: जे पोर पोटात घेऊन ती पाण्यात गेली, ते पाण्यात वाढत असणारच. एकदा हे सुचल्यावर मी ते दरवर्षी मोठे करत नेणार होतो. शेजारचा बाळ्या आपला घाम पुसत म्हणाला, "वकील, तुजी भैण लई देखणी हडळ असंल की रं."

"हाय. पण तुज्याकडं न्हाय यायची. माहेर सोडून जात न्हाय हडळ."

"मग तू वाढ तिला खीर. आमी वड्याला येतो."

सगळे हसले. मीही हसलो. आईने कट्ट्यावरून ऐकले होते की नाही, मला माहीत नाही. ऐकले असावे, कारण त्यानंतर ती दुपारी दार लावून घेऊ लागली.

अमावास्येच्या दिवशी आण्णांनी पाने मांडली, दार ओढून घेतले, आणि आम्ही तिघे जमिनीवर बसलो. आई दाराजवळ, आण्णा भिंतीला टेकून, मी मध्ये. बाराचा भोंगा झाला. माग थांबले. पत्र्यावर चिमणीची नखे वाजत होती ती ऐकू येत होती. मग अगदी दारापाशी हाक आली.

"आये."

आईच्या हातातला पंखा खाली पडला. आण्णांनी तिच्याकडे न पाहता एक बोट वर केले.

"शेवंतीचा आवाज हाय ह्यो," आई म्हणाली.

आण्णांनी मान हलवली. बोलायचे नव्हते.

"आये, मी हाय की गं."

आण्णांनी दुसरे बोट वर केले. आई उठली. कडीला हात गेला होता तिचा. मी दाराच्या फटीला डोळा लावला. फट कमरेच्या उंचीवर आणि बोटभर रुंद होती. तीतून विटका पदर दिसला, आणि काखेत एक लेकरू दिसले, दीड-दोन वर्षांचे, नाक वाहत असलेले, हातात पदराचे टोक धरलेले. मी सांगितले होते तसेच. तोंड दिसत नव्हते. पाय दिसत नव्हते. वाकलो असतो तर दाराखालच्या सांदीतून पाय दिसले असते. मी वाकलो नाही. माझी खात्री झाली होती.

"आई, नगं," मी म्हणालो. "लेकरू हाय काखंत."

आईने कडीवरचा हात काढला आणि खाली बसली. कोणी तिला धरले नाही, ओढले नाही. माझे एवढे वाक्य पुरले. आम्ही तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसलो. लेकरू रडले, मग रडायचे थांबले. बाहेर पानाचा आवाज झाला. आण्णांची दोन बोटे इतका वेळ वरच होती. ती त्यांनी खाली घेतली.

"शिवला," ते म्हणाले.

दार उघडले तेव्हा अंगणात ऊन होते. आज्जा-आजीची पाने जशीच्या तशी होती. तिसऱ्या पानावरची शेंगांची पोळी नव्हती. आण्णांनी हात जोडले. "घेतलं पोरीनं. तृप्त झाली." त्यांचा आवाज सैल झालेला मी त्या एका वेळी ऐकला. आई पानाकडे वाकून पाहत होती. कावळा पोळी फाडतो, चार ठिकाणी सांडतो. इथे शेंगांचा कूटसुद्धा सांडलेला नव्हता आणि बांगड्या सरकवून नीट एकावर एक ठेवलेल्या होत्या. हे तिने पाहिले. मग आम्ही जेवलो. मी खीर दोनदा घेतली. तांदळाची खीर आजही माझ्यासमोर ठेवली तर मी खातो. लोकांना वाटते अशा गोष्टीनंतर माणसाला घास जात नसेल. जातो.

तीनच्या सुमाराला विणकरांच्या ओळीतली नरसक्का आली. ती वर्षभरापूर्वी तिथे राहायला आली होती. त्या अमावास्येपासून त्यांच्या बायकांचा बतुकम्माचा सण सुरू होतो. सकाळपासून ती नळापाशी बसून तरवडाची पिवळी फुले आणि कुरडूचे तुरे निवडत होती. तिच्या बोटांना पिवळे लागले होते. तिने आईला विचारले, "ओ बाई, तुमच्या पाव्हणीला जेवायला वाढला का न्हाय?"

"कुठली पाव्हणी?"

"ती की, लेकरू घेऊन आलती. नळाला पाणी मागितला, मी तांब्या दिला. तुमचा पोरगीच म्हणाली."

आण्णा बाजेवरून उठून बसले. आई म्हणाली, "नरसक्का, पाय बघितलंस का तिचं?"

"पाय? पाय काय बघायचा?" नरसक्का हसली. "चप्पल नव्हता. भेगा लई. पुढंच होते की पाय, आणि कुठं असतील?" मग आमच्या तोंडाकडे पाहून तिचे हसू गेले. "तुमी आत होता की. मला वाटला, रागवलेत. दोनदा बोलावला तिनं. मग ते पान बघत बसली. बांगड्या उचलून बघितला, परत ठेवला. लेकरू रडला तर पोळी उचलून त्याच्या हातात दिला. मग गेली."

"तिसऱ्यांदा न्हाय बोलावलं?" हे आण्णांनी विचारले.

"न्हाय. पान बघितल्यावर न्हाय बोलावला."

ती कुठून आली होती, या प्रश्नाला नरसक्काने अक्कलकोट असे उत्तर दिले. आण्णा अनवाणी एसटी स्टँडकडे गेले आणि मला स्टेशनवर पिटाळले. मी पळत गेलो. फलाटावर पुष्कळ बाया होत्या, लेकरे घेतलेल्याही होत्या. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येकीला पाहून आलो. सगळ्यांचे पाय सरळ होते. घराच्या वळणावर आल्यावर माझ्या लक्षात आले की मी कोणाचेही तोंड पाहिले नव्हते. परत जायला पाहिजे होते. दिवस कलला होता, गाडी गेली असेल असे मी ठरवले. घरी सांगितले, "न्हाय तितं." प्रतिज्ञेवर खोटे बोलणारे रोज पाहतो, त्यांचा मला राग येत नाही, त्याला हे एक कारण आहे.

दुसऱ्या दिवशी आई-आण्णा अक्कलकोटला गेले. मठाबाहेर हार विकणाऱ्या एका कानडी बाईने सांगितले, "हौदु, होती एक. भांडी घासायची, हितंच जेवायची. अमाशेला माहेरी जाते म्हणाली. आमी म्हटलो, जा की, दोन वर्साचं लेकरू आजीनं अजून बघितलं न्हाय. परत आली न्हाय बघा ती." आईने त्या बाईला लेकरू मुलगा होता की मुलगी, हे विचारले. ती म्हणाली, मुलगा. नाव तिला आठवले नाही. आम्हाला एवढेच समजले. घागर, दोर आणि चप्पल काठावर ठेवून आक्का चालत निघाली होती. दोन वर्षे ती मेलेली राहिली, कारण जिवंत असती तर आण्णांनी तिला तिसऱ्यांदा पोचती केली असती. मग लेकराला पाय फुटल्यावर तिला वाटले असेल की आता नाही पोचवणार. कट्ट्यावर आपले पान पाहिल्यावर तिला काय वाटले असेल, हे माझ्या शिस्तीत बसत नाही. आमच्या घरी जन्मलेली होती. दोन हाकांनंतर आतून ओ का आली नाही, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिसरी मारली असती तर दार उघडले असते, हेही तिला माहीत होते.

पुढच्या वर्षी पितरपाट आला तेव्हा आई म्हणाली, "तिचं पान मांडायचं न्हाय."

"मग काय मांडायचं?" आण्णांनी विचारले. त्यात राग नव्हता. त्यांना खरेच माहीत नव्हते.

आईने घरातली जेवणाची थाळी घेतली, जिवंत माणसाला वाढतात तशी वाढली आणि आमच्या पंगतीत ठेवली. दार उघडे ठेवले. पितरांची दोन पाने उघड्या दारासमोर मांडली गेली आणि कावळा आला नाही, तरी तिने दार लावले नाही. त्यानंतर ती मरेपर्यंत पहिल्या हाकेला ओ देत असे. भाजीवाला, पोस्टमन, नळावर भांडणाऱ्या बाया, कोणीही. कधीकधी शेजारच्या घरातल्या आईला शेजारची पोरे हाक मारीत आणि ओ आमच्या घरातून जाई. बाळ्या एकदा दारात येऊन म्हणाला, "मावशी, मी अजून बोलावलंच न्हाय की वो तुमाला." ती म्हणाली, "असू दे." आण्णा नळावर गेले तरी नरसक्काच्या दारावरून जायचे टाळत.

मी गोष्टी सांगणे बंद केले. मी कोणताही निर्धार केला नव्हता. पोरेच यायची थांबली. दिवाळीनंतर माझी शाळा सुटली आणि एका म्हाताऱ्या अर्जनविसाच्या शेजारी चिंचेखाली बसू लागलो. ते माझे अक्षर पाहून म्हणाले, "कुणी शिकवलं रे?" मी सांगितले, "बहिणीनं." ते म्हणाले, "कुठं असते?" मी दौत पुढे सरकवली.

गिरणी आता नाही, भोंगाही नाही. गावच्या जमिनीच्या उताऱ्यावर आण्णांच्या मागे आईचे, माझे आणि शेवंताचे नाव वारस म्हणून लागले. आईचे नंतर कमी झाले. माझ्या मुलाला ती जमीन विकून चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत शेड घ्यायची आहे. त्याला तलाठ्याने सांगितले, आत्याची सही आणा, नाहीतर ती मयत समजली जावी असा कोर्टाचा हुकूम आणा. असे अर्ज माझ्या हाताने किती गेले याची गणती नाही. त्यात एक वाक्य लागते: ती हयात असती तर ज्यांना सहजपणे कळले असते, अशा कोणालाही सात वर्षांत तिच्याबद्दल काहीही ऐकू आलेले नाही. हे वाक्य मी न थांबता लिहितो. पक्षकार अंगठा उठवून मोकळा होतो. कायद्याने पाहिले तर आमच्या बाबतीतही ते पूर्ण खरे आहे. सात वर्षे अनेकदा होऊन गेली. तिच्या अर्जाचा मायना मी लिहिला, तपशील लिहिला, विनंतीचा परिच्छेद लिहिला. त्या वाक्याची जागा मोकळी ठेवली. कागद दोन वर्षे टेबलाच्या खणात आहे.

परवा मुलगा जेवणाचा डबा घेऊन आला. दुपारचे बारा वाजून गेले होते, आवारात ऊन होते. त्याने खण उघडला, कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तोही मला आण्णाच म्हणतो.

"आण्णा, एक ओळ ऱ्हायलीय. लिहून टाका की. इतक्या वर्षांत काय ऐकू आलंय का तुम्हाला तिचं?"

मी पेनाचे टोपण लावले.

"व्हय," मी म्हणालो. "दोनदा."